मुशीचा एन्ट्री फॉर्म

“शार्क प्रत्यक्ष धरून बघितल्याशिवाय मी या कागदावर सही करणार नाही,” असं मी चंदूशेठना म्हणालो, आणि चंदूशेठ म्हणाले, “मग धरा.”

या दोन शब्दांवर मी नंतर पुष्कळ विचार केलेला आहे. त्या वेळी शेठच्या कानाला फोन होता. ते मला शार्क धरा म्हणाले, फोनवरच्या माणसाला लाईन धरा म्हणाले, की नुसतेच वैतागले, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. पण एकदा बाणेदारपणे बोलून झाल्यावर लगेच ‘म्हणजे कोणी, मी?’ असं विचारणं बरं दिसत नाही. मी ताठ मानेने केबिनबाहेर आलो आणि मग खुर्चीवर बसून घाम पुसला.

हे सन एकोणनव्वदचं. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात स्कूटरच्या ब्रेकच्या आणि क्लचच्या तारा बनत. त्या तपासून पास करणं हे माझं काम. चौदा वर्षं मी तारांची टोकं बघत होतो. तार कधी मधे तुटत नाही, टोकाला सुटते. तिथे ती वळवून तिच्यावर एक छोटी नळी दाबून बसवतात, तिला फेरूल म्हणतात. फेरूलमधून तारेचं शेपूट जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर दिसलं पाहिजे. दिसलं नाही की मी ‘रिजेक्ट’ म्हणायचो आणि माल बाजूला फेकायचो. या एका शब्दामुळे कारखान्यात मला मित्र फारसे नव्हते.

चंदूशेठ दिल्लीच्या कुठल्याशा प्रदर्शनात एका ऑस्ट्रेलियन दुकानदाराला भेटून आले, तिथून हे सगळं सुरू झालं. तिकडे म्हणे खाऊनपिऊन सुखी असलेली माणसं सुट्टीच्या दिवशी बोटीने खोल समुद्रात जातात, गळाला भलेमोठे शार्क लावतात, तासभर त्यांच्याशी झटापट करतात आणि शेवटी त्यांना सोडून देऊन जेवायला घरी येतात. शार्क दोर चावून तोडतो म्हणून गळाच्या वर चार हात पोलादी तार लागते. ती तार आम्ही बनवायची होती. नमुना म्हणून एक पाकीट आलं. त्यात गळ जोडलेली तार, मोठा शार्क सुखरूप कसा घ्यावा याची एक पुस्तिका, आणि एक छापील फॉर्म. पाकिटाला चिठ्ठी होती की हुबेहूब असंच हवं.

तार आम्ही हुबेहूब बनवली. फॉर्म राहिला. त्यात तारीख, बोटीचं नाव, शार्कचं अंदाजे वजन, तो सुखरूप कसा घेतला आणि तार कशी वागली, असे प्रश्न होते आणि खाली सही. शेठ म्हणाले, दोनशे किलो टाका आणि करा सही. मी म्हणालो, आपल्या मशीनवर तार अडीचशे किलोला टिकली असं लिहितो. पण मशीन म्हणजे शार्क नव्हे. त्यावरून आमचं ते वर सांगितलेलं बोलणं झालं.

डोंबिवलीला मानपाडा रोडवर घरी आल्यावर मी सुमतीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलं. ती गवार मोडत होती. मी पाटणचा, घरात मासा शिजत नाही, समुद्र पाहिलेला तो चौपाटीचा, तोही भेळ खाता खाता. सुमती म्हणाली, शार्क धरायचा तर धरा, पण स्वेटर घेऊन जा. तिला ते खोटं वाटत होतं की खरं, हेही मला कळलं नाही.

आमच्या शेजारी आबा राहत. आबा गोदीत कारकून होते आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मनाने अजून धक्क्यावरच असत. इमारतीत इंग्रजी कागद आला की तो आधी आबांकडे जायचा. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. वर मोठ्या अक्षरात ‘एन्ट्री फॉर्म’ असं छापलेलं होतं. आबा म्हणाले, हा सरळ आयातीचा कागद आहे. माल त्यांच्या देशात एन्ट्री होण्यासाठी लागतो. फॉर्मवर ‘घेतला’साठी ‘लँडिंग’ असा इंग्रजी शब्द होता; लँडिंग म्हणजे काय वाटतं तुम्हाला, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, विमानाचं असतं ते. आबांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. लँडिंग म्हणजे जहाजातला माल धक्क्यावर उतरवणे. तेव्हा शार्क धक्क्यावर उतरल्याखेरीज लँडिंग झालं असं धरता येणार नाही.

पुस्तिका मात्र म्हणत होती की जिवंत शार्क बोटीत घेऊ नये. तो बोटीला लावून पाण्यातच ठेवावा, शेपटीला दोराचा फास घालावा, आणि गळाजवळ तार कापून सोडून द्यावा. बोटीत घ्यायचा नाही, सोडून द्यायचा, आणि तरी धक्क्यावर उतरवायचा, हे कसं जमायचं? आबा म्हणाले, गोदीत याहून अवघड माल उतरलेला आहे.

रंगीत तालीम करावी असं आबांनीच सुचवलं. मी गादीची वळकटी करून तिला शार्क करणार होतो, पण गादी उलटा जोर लावत नाही म्हणून आबा स्वतः शार्क झाले. रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. मी डोक्यात हेल्मेट घातलं होतं, हातात वेल्डिंगचे कातडी मोजे होते आणि डाव्या हातात पुस्तिका. आबांच्या पायांत मी वाळत घालायच्या दोरीचा फास टाकला आणि पुढची सूचना वाचायला लागलो. एवढ्यात आबांनी शार्कच्या भूमिकेत शिरून अंगाला असा काही पीळ दिला, की ते गडगडत टाकीपर्यंत गेले आणि जाताना दोरीत टीव्हीचे तीन अँटेना घेऊन गेले.

रविवारी सकाळी नऊ वाजता, टीव्हीवर पौराणिक मालिका लागलेली असताना, अँटेना हलणं म्हणजे काय, हे ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. दोन मिनिटांत सगळी इमारत गच्चीवर. पाय बांधलेले आबा टाकीला टेकून पडलेले, आणि मी हेल्मेट घालून इंग्रजी वाचतोय. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ‘शार्क’ हा शब्द मधे आला की पुढचं कोणी ऐकून घेत नव्हतं. संध्याकाळी जिन्यात सोसायटीची नोटीस लागली: ‘गच्चीवर मासेमारी करण्यास सक्त मनाई आहे.’ येताजाता लोक ती वाचत आणि मग माझ्या दाराकडे बघत.

कारखान्यात लेथवर परशुराम होता, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. त्याचे मामा गोमाजी अर्नाळ्याला तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. परशुराम म्हणाला, शार्क म्हणजे आमची मुशी. मामा नेतील. फक्त बंदराच्या कचेरीतून तुमच्यासाठी चिठ्ठी आणा.

चिठ्ठीसाठी मी तीन खेपा घातल्या. तिथल्या कारकुनाचा प्रश्न साधा होता: तुम्ही बोटीवर कोण? मी म्हणालो, मासे धरायला जातोय. मग मच्छीमाराचा परवाना दाखवा. मी म्हणालो, पण धरलेला मासा सोडून देणार आहे. तो म्हणाला, मग तुम्ही मच्छीमार नाही, प्रवासी. आणि या बोटीला प्रवासी न्यायची परवानगी नाही. मी म्हणालो, मी तारेच्या तपासणीसाठी चाललोय. त्याने तारेचा अर्ज तार खात्याकडे करायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्यालाच माझी दया आली. बोटीवरच्या सामानाची यादी असते, त्यात त्याने लिहिलं: ‘पोलादी तार, भेंडोळे एक. गृहस्थ, एक.’ आणि शिक्का मारला. मी तो कागद सुमतीला दाखवला नाही.

अर्नाळ्याला गोमाजींच्या घरी जनाबाईंनी, म्हणजे परशुरामच्या मामीने, चहा दिला. मी इकडे का आलोय ते परशुरामने त्यांना सांगितलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं. मग सूप बाजूला ठेवून मला विचारलं, “सोराची तं धराची कनाला?”

सोडायची तर धरायची कशाला. ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या वतीने बोलायला मी काही बांधील नव्हतो.

बोट सकाळी निघाली. गोमाजी साठीचे, काटक, कानामागे विडी, आणि बोलणं अगदी बेताचं. परशुराम इंजिनवर. किनारा दिसेनासा झाला तसं माझ्या पोटातलं एकेक स्थान सोडायला लागलं. त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की पुढचा सगळा प्रसंग मी बहुतेक बोटीच्या काठावर पालथा पडून पाहिलेला आहे.

तिकडच्या लोकांकडे म्हणे या कामाला खास काठी असते, कमरेला पट्टा असतो. आमच्याकडे गोमाजींचा जाड नायलॉनचा दोर, दोराला एक निळं पिंप, आणि टोकाला आमची तार. गळाला बांगडे लावले. दोन तास काही झालं नाही. मग ते पिंप एकदम पाण्याखाली गेलं, आणि बराच वेळ वर आलं नाही.

मी उठून पुस्तिका उघडली. पहिली सूचना होती, बोटीतला पसारा आवरा. मी मोठ्याने वाचली. बघतो तर पसारा आवरलेला होता. दुसरी सूचना, दोर पायात येणार नाही असा टोपलीत गोळा करा. तो टोपलीतच होता. तिसरी, माशाला ओढू नका, दमू द्या. गोमाजी पिंपाकडे बघत शांत उभे होते. मी चौथी शोधेपर्यंत त्यांनी परशुरामला इंजिन हळू पुढे घ्यायला लावलं, म्हणजे मासा बोटीला समांतर येतो, आणि ही सूचना पुस्तिकेत सातवी होती. ऑस्ट्रेलियातून छापून आलेलं सगळं या माणसाला पाठ होतं आणि मला वाटत होतं की मी शिकवायला आलोय. पाचवी सूचना होती, दोराच्या वेढ्यात उभे राहू नका. गोमाजींनी माझ्याकडे न बघता माझा उजवा पाय घोट्याला धरून उचलला, जसं आपण केर काढताना स्टूल उचलतो, आणि पलीकडे ठेवला. मी कुठे उभा होतो ते मला तेव्हा कळलं. मी पुस्तिका मिटली.

तासाभराने ती वर आली. गळाला लागली तेव्हा मी तिला शार्क म्हणत होतो, दिसल्यावर मुशी म्हणायला लागलो. काळसर पाठ, बोटीच्या निम्म्याएवढी लांबी. डोळा असा, की आपण तिच्या हिशेबातच नाही. वजनासाठी मी आणलेला स्प्रिंगचा काटा पन्नास किलोचा होता. तो मी हळूच पिशवीत परत टाकला.

आणि मुशी बोटीला लागलेली असताना आमच्यात वाद सुरू झाला. फास शेपटीला घालायचा इथपर्यंत एकमत होतं. पुढे गोमाजी म्हणाले, अशीच ओढत अर्नाळ्याला न्यायची. ती आपल्या बोटीची मासळी, हे त्यांनी धरलेलंच होतं, आणि ते मी आधी विचारलेलंच नव्हतं. मी म्हणालो, पुस्तिकेप्रमाणे तार कापून सोडायची. मग आठवलं की आबांच्या मते धक्क्यावर उतरली पाहिजे. म्हणजे गोमाजींचं बरोबर. पण मग ती सुखरूप कुठे राहिली? आणि कापली तर तपासलेला नमुना मुशीबरोबर जाणार, मग मी सही कशावर करू? परशुराम इंजिनवरून ओरडून विचारत होता काय ठरलं म्हणून. मी त्याला माझी पूर्ण अडचण सांगायला वळलो, तेवढ्यात पोटाने मला पुन्हा काठावर पालथं केलं.

म्हणून मला ते दिसलं. माझं तोंड पाण्यापासून हातभर वर होतं, आणि समोरच मुशीच्या जबड्यातून गळ आणि गळाला फेरूल. मुशी अंगाला पीळ देत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे. आमचं मशीन तार सरळ ओढतं, पिळत नाही. फेरूलमधून तांदळाच्या दाण्याएवढं शेपूट बाहेर असायला हवं होतं, कारखान्यातून निघताना मी ते बघून घेतलं होतं. ते आत गेलेलं होतं.

गोमाजी एका हाताने तार धरून दुसऱ्या हाताने फास टाकायला वाकले होते. त्यांचा चेहरा बरोबर तारेच्या रेषेत होता. सांगायचं पुष्कळ होतं. बाजूला व्हा, हात सोडा, तार सुटतेय. माझ्या तोंडून यातलं काहीच आलं नाही. चौदा वर्षांची सवय. मी सगळा जीव एकवटून ओरडलो, “रिजेक्ट!”

त्यांना तो शब्द काही कळला नाही. हा माणूस काय म्हणतोय म्हणून त्यांनी नुसती मान वळवली. त्याच क्षणी फेरूलमधून तार सुटली आणि चाबकासारखी वर येऊन त्यांच्या कानावरून गेली. कानामागची विडी दिसेनाशी झाली. कानाच्या वरच्या कडेला एक बारीक लाल रेघ उमटली.

मुशी होती तिथेच जरा वेळ थांबली. तिलाही काय झालं ते कळलं नसावं. मग ती खाली गेली.

गोमाजींनी कानाला हात लावला, बोट बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मासा घालवला म्हणून बोलतील. तार माझ्या कारखान्याची, पास केलेली मी. मी मान खाली घातली. ते आले आणि माझ्या शेजारी बसले, बस. किनारा दिसेपर्यंत बसून होते.

जनाबाईंना परशुरामने सगळं सांगितलं. त्यांनी नवऱ्याची हनुवटी धरून मान वळवली आणि कान उजेडात बघितला. बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर भाकरी टाकल्या. मी दोन खाल्ल्यावर पुरे म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. पाचवीला मीच गप्प बसलो.

फॉर्म मी त्याच आठवड्यात भरला. सुखरूप कसा घेतला, या प्रश्नापुढे लिहिलं की शार्क घेतला गेला नाही, माणसं सुखरूप आली. तार कशी वागली, यापुढे लिहिलं की पीळ बसल्यावर फेरूल सुटली, दोष आमचा, एकाऐवजी दोन फेरूल हव्यात. वजन: माहीत नाही. खाली सही केली आणि शेठना न दाखवता रजिस्टर पोस्टाने पाठवून दिला. पाठवल्यावर जाऊन सांगितलं. शेठ या वेळी फोनवर नव्हते, त्यामुळे ते जे बोलले ते मलाच होतं यात शंका राहिली नाही.

माझी बदली पॅकिंगला झाली. पास-रिजेक्टचा शिक्का काढून घेतला. परदेशी ऑर्डर मिळाली असती तर कारखान्यात दुसरी पाळी सुरू व्हायची होती, ती गेली असं सगळे धरून चालले, आणि डब्याच्या वेळी माझ्या बाकावर परशुरामशिवाय कोणी बसेनासं झालं. मी खोक्यांना चिकटपट्ट्या लावायचो आणि विचार करायचो, दोनशे किलो लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मग तो कान आठवायचा. सुमती रोज डब्यात जरा जास्तीची भाजी द्यायची. परशुराम आणि मी मात्र सुट्टीनंतर लेथच्या पकडीत तार धरून तिला पीळ देऊन बघायचो. दोन फेरूल लावल्या की शेपूट हलत नव्हतं.

अडीच महिन्यांनी तिकडून पत्र आलं. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि ते पुढे केलं. मी ते वाचलं. परत वाचलं. मग सुट्टी टाकून डोंबिवलीला आबांकडे नेलं, कारण मला वाटलं माझ्याच इंग्रजीत काहीतरी गडबड आहे. आबांनी वाचलं आणि पहिल्यांदाच चष्मा काढून ठेवला.

तो फॉर्म आमच्यासाठी नव्हताच. ती त्या दुकानाची आपल्या गिऱ्हाइकांसाठी स्पर्धा होती. मोठा शार्क सुखरूप कसा घेतलात ते लिहून पाठवा आणि बक्षीस जिंका. एन्ट्री म्हणजे स्पर्धेची प्रवेशिका. तारेच्या प्रत्येक पाकिटात ती घालतात, नमुन्यातही आली. त्यांनी लिहिलं होतं की यंदा आलेल्या सगळ्या प्रवेशिकांत शार्क मोठे, माणसं शूर आणि सगळं सुरळीत. एकाच कागदावर मासा सुटल्याचं आणि का सुटला त्याचं लिहिलेलं होतं. तेव्हा गुरुदत्त पाटणकर यांना, म्हणजे मला, उत्तेजनार्थ बक्षीस देण्यात येत आहे, सोबत वेगळं पार्सल आहे. दोन फेरूलची तार मंजूर आहे. आणि शेवटी एक ओळ होती, की आपण अजून दरपत्रक का पाठवलं नाही, आम्ही तीन महिने वाट बघतोय.

शेठ अडीच महिने फॉर्मच्या उत्तराची वाट बघत होते आणि तिकडचे लोक शेठच्या दरपत्रकाची. याचा राग कोणावर काढायचा हे कोणालाच न सुचल्यामुळे तो कोणावरच निघाला नाही. दुसऱ्या दिवशी माझा शिक्का माझ्या टेबलावर होता. कोणी ठेवला ते कळलं नाही, शेठनी विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. महिन्याभरात दुसरी पाळी सुरू झाली.

पार्सलमध्ये एक टोपी निघाली. निळी, पुढे कडक झाप असलेली, वर पांढऱ्या धाग्याने इंग्रजी ओळ भरलेली. सुमती म्हणाली घाला, पण आरशात बघितल्यावर तिलाच ती नको वाटली. पुढच्या रविवारी मी अर्नाळ्याला गेलो आणि ती गोमाजींना दिली. ते ओट्यावर जाळं नीट करत बसले होते. टोपी त्यांनी आतून बाहेरून बघितली, शिवण ओढून बघितली, आणि वर काय लिहिलंय ते विचारलं.

मी सांगितलं, “मी त्याला सोडून दिलं.”

“कोनाला?”

“माशाला. मुशीला.”

गोमाजींनी जाळं मांडीवर ठेवलं. “आपून कवा सोरली? तीच गेली नं.”

“हो.”

“मंग खोटा लिवलंय.”

आतून जनाबाई काय झालं म्हणून विचारत होत्या. गोमाजींनी जरा वेळ टोपीकडे बघितलं, मग वर बघितलं. ऊन चांगलंच चढलं होतं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, कान झाकले जातील इतकी खाली ओढली, आणि जाळ्याचा फाटका भाग पुन्हा हातात घेतला.